दुसरी चावी

मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि जिन्याने जातो. यावर आमच्या कंपनीत भरपूर थट्टा होते. ‘न्हाव्याने दाढी वाढवून फिरावं तसं आहे हे,’ असं आमचा स्टोअरवाला म्हणतो. म्हणू दे बापडा. लिफ्टमध्ये मी एकटा असलो की काय होतं, ते त्याला कुठे ठाऊक आहे!

भूतबित मी मानत नाही. सव्वीस वर्षं लिफ्टच्या शाफ्टमध्ये, त्या उभ्या विहिरीत, काढली आहेत. ‘लिफ्ट आपोआप वर येते हो, कोणी बोलावलेलं नसतं,’ असं सांगताना रहिवाशांचे डोळे मोठे होतात, आणि उघडून बघावं तर एखादं बटण आत चिकटून बसलेलं असतं. भुताच्या नावावर खपवलेल्या निदान शंभर भानगडी मी पेचकसाने सोडवल्या असतील. म्हणून तर माझ्या भानगडीचा मला इतका राग येतो.

होतं असं. मी एकटा लिफ्टमध्ये शिरतो, दार बंद होतं, दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट थांबते. दिवा चालू, पंखा चालू. मग माझ्या पायाखाली, फरशीच्या खालून, कोणीतरी पान्याने ठोकतं. टक टक. जरा थांबून परत, टक टक. आणि लिफ्ट काही झालंच नाही अशी चालू लागते. कुठलीही लिफ्ट असो, नवी असो जुनी असो, आमच्या कंपनीची असो नाहीतर दुसऱ्याची. सोबत कोणी असलं, अगदी कडेवरचं मूल असलं, तरी नाही होत. पहिल्या वर्षी मी आमच्या इमारतीतल्या लिफ्टचे ब्रेक बदलले, वायरिंग नवं केलं, खाली उतरून इंच न इंच जागा तपासली. काही सापडलं नाही. मग जिना धरला. गुडघे गेले, पण झोप आली.

पान्याने दोनदा ठोकायची सवय माझ्या भावोजींची होती. ताईचा नवरा आणि मी एकाच कंपनीत, एकाच जोडीत कामाला होतो. ओरडणं त्यांना आवडायचं नाही. ते लिफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यात असले आणि मी वर मशीन रूममध्ये, तर मला हाक न मारता लिफ्ट ज्यावरून सरकते त्या रुळावर दोनदा ठोकायचे. मी दोनदा उलट ठोकायचो. म्हणजे ऐकलं.

सात वर्षं झाली त्यांना जाऊन.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो पोराटोरांनाही पहिल्या दिवशी शिकवतात. शाफ्टमध्ये उतरायच्या आधी मशीन रूममधला मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं कुलूप घालायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, त्याची चावी एकच, आणि ती त्याच्याच खिशात. तो माणूस बाहेर येऊन स्वतःच्या हाताने कुलूप काढत नाही तोवर साक्षात मालक आला तरी लिफ्ट चालू होत नाही.

भावोजी हा नियम असा पाळायचे की अंगावर काटा यावा. कुलूप लावायचे, ओढून बघायचे, परत ओढून बघायचे. पाणी प्यायला गेले तरी कुलूप तसंच. तिकडे रहिवासी पिशव्या घेऊन खाली ताटकळत उभे, शिव्या मी खातोय, आणि हे महाशय हळूहळू पायऱ्या चढत कुलूप काढायला येताहेत. मी फार चिडायचो. एकदा ते जेवत होते तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशातून चावी काढली, बाजारात जाऊन दुसरी करून घेतली, आणि त्यांना न कळता पहिली जागच्या जागी ठेवली. दीड वर्ष ती दुसरी चावी मी वापरत होतो. ते चहाला गेले की कुलूप काढायचं, लोकांना वर-खाली करू द्यायचं, ते यायच्या आत परत लावायचं. लोक खूश, मी खूश. फार शहाणा होतो मी.

त्या दिवशी अकरा मजल्यांच्या इमारतीत काम होतं. मी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये होतो. दुपारचा एक वाजला होता. खाली वाकून पाहिलं तर फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर निळा शर्ट आणि टक्कल दिसलं. म्हटलं, गेले चहाला. खिशातून दुसरी चावी काढली, कुलूप उघडलं आणि स्विच चालू केला. लिफ्ट तळमजल्याला गेली.

तो निळा शर्ट पाण्याचा पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसाचा होता. भावोजी खड्ड्यातच होते.

त्यांनी ठोकलं होतं का? मोटार सुरू असताना वर काहीच ऐकू येत नाही. हा प्रश्न मी सात वर्षं चघळतो आहे.

आता पुढचं सांगतो, कारण खरं पाप ते आहे. लोक धावले, आरडाओरडा झाला, आणि त्या गडबडीत मी ते कुलूप भावोजींच्या पिशवीत टाकलं. हातांनी आधी केलं, मला नंतर कळलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पटत नाही. चौकशी झाली. अहवालात एकच ओळ आली: ‘मृताने स्वतःचे कुलूप न लावल्यामुळे.’

ती ओळ ताईच्या तोंडी बसली. तिने भावोजींचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात टाकला. ‘त्यांना स्वतःच्या जिवाची पडली नव्हती, आमची काय पडणार!’ हे ती कोणालाही सांगायची, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा. भाची तेव्हा बारा वर्षांची होती. तिने दप्तर विसरलं, छत्री विसरली, की ताई म्हणायची, ‘बापावर गेलीस अगदी.’ मी तिथेच बसलेलो असायचो. दर रविवारी आठ मजले चढून मी ताईकडे जायचो, नळ दुरुस्त करून द्यायचो, बल्ब बदलायचो. ‘माझा भाऊ म्हणजे देवमाणूस,’ असं ती शेजारणींना सांगायची. ते ऐकलं की मी पाना उचलून पुढच्या नळाकडे वळायचो.

यंदा आमच्या कंपनीत सुरक्षेसाठी एक नवीन मॅडम आल्या. वयाने माझ्या भाचीपेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांनी दर सोमवारी सकाळी सगळ्या मेकॅनिकांना गोल बसवायचं काढलं. ‘प्रत्येकाने आपली एक चूक कागदावर लिहायची, दुसऱ्यावर ढकलायची नाही, आणि वाचून दाखवायची.’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पन्नाशीच्या माणसांना निबंध लिहायला लावतेय ही बाई! मी लिहिलं की माझ्या हातून एकदा पेचकस पडला आणि तो कोणाला लागला नाही. वाचून दाखवलं. मॅडम ‘बरं’ म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये जे काही होतं ते मला मुळीच आवडलं नाही.

माझ्यानंतर मौनी उठला. आमच्यातला सर्वांत जुना माणूस. दिवसाला पाच शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी, म्हणून त्याला मौनी म्हणतात. त्याने कागद न बघताच सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्याने चौथ्या मजल्याचं दार नीट न लावता काम सोडलं होतं. एका म्हातारीने ते उघडलं. समोर लिफ्ट नव्हती. तिने आधी काठी पुढे टेकवली म्हणून ती वाचली, काठी खाली गेली. ‘कोणाला कळलं नाही. म्हातारी म्हणाली, माझंच चुकलं. मी हो म्हणालो. काठी पडल्याचा आवाज मला अजून येतो. जेवताना जास्त येतो,’ एवढं बोलून तो बसला.

कोणी हसलं नाही. स्टोअरवाल्याने त्याला पाणी आणून दिलं. दुसरा एकजण म्हणाला, ‘माझंही एक आहे, पण पुढच्या सोमवारी सांगतो.’ आणि दुपारी मौनीने स्वतःचा डबा संपवून माझ्या डब्यातही हात घातला. अकरा वर्षांत त्या माणसाला मी असं जेवताना पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. सख्ख्या भावाने घर बांधल्यावर वाटतो तसला जळका हेवा.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘मामा, येऊन भेट, आईला सांगू नकोस.’ मी तिच्या हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. ती गणवेशातच आली, शेजारी बसली आणि म्हणाली, ‘मी सोडतेय. आईला तू सांग.’

‘का गं? मार्क तर चांगले आहेत तुझे.’

‘मार्कांचं काय करायचंय? इंजेक्शन भरते, तीनदा बघते, तरी हात पुढे होत नाही. वाटतं, आपण काहीतरी विसरलोय. सिस्टर ओरडतात. पेशंट घाबरतात.’ तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ‘मामा, रक्तातच असतं रे हे. बाबांना फक्त एक कुलूप लावायचं होतं. तेवढंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या हातून कोणी मेलं तर?’

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. देवाशप्पथ आलं होतं. आणि मी काय म्हणालो? ‘बघू.’ हा शब्द भित्र्या माणसांच्या सोयीसाठीच कोणीतरी काढला असावा. तिने मान हलवली, डोळे पुसले आणि आत गेली. म्हणजे रविवारी ती स्वतःच घरी जाऊन आईला सांगणार होती.

मी बाकावरच बसून राहिलो. एवढी वर्षं मी असं धरून चाललो होतो की मी गप्प बसून ताईला भाऊ तरी शिल्लक ठेवला आहे. नवरा गेला, निदान भाऊ असू दे. किती सोयीस्कर हिशोब! आता पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा दिसलं, की मी तिच्याकडून नवरा दोनदा नेला होता, एकदा चुकून आणि एकदा जाणूनबुजून. आणि आता पोरीचे हातही न्यायला निघालो होतो. सांगितलं तर ताई मला दारात उभं करणार नाही, नोकरी जाईल, पोलीस येतील. हे सगळं मला तिथे लख्ख दिसत होतं, आणि तरी सोमवारसाठीचा कागद मी त्याच बाकावर लिहिला. चार ओळी. पण सोमवारच्या आधी रविवार होता. बारा मेकॅनिकांच्या आधी ते ताईला कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी दहाला मी ताईच्या इमारतीत शिरलो. जिन्यापाशी गेलो, आणि मला माझी खात्री वाटेना. जिना सोयीचा असतो, कुठल्याही पायरीवरून माघारी फिरता येतं. मी लिफ्टमध्ये शिरलो आणि आठचं बटण दाबलं.

पाचव्या आणि सहाव्याच्या मधे ती थांबली. दिवा चालू, पंखा चालू. पायाखाली वाजलं. टक टक. मी भिंतीला पाठ टेकून उभा होतो. परत वाजलं. सात वर्षांत मी कधी उत्तर दिलं नव्हतं, ते माझ्या आत्ता लक्षात आलं. मी टाच उचलली आणि फरशीवर दोनदा आपटली.

‘सांगायला चाललोय, भावोजी,’ मी म्हणालो.

बराच वेळ काही झालं नाही. मग लिफ्ट निघाली.

ताईने दार उघडलं. ‘आज धाप नाही लागली? लिफ्टने आलास की काय?’ ती इस्त्री करत होती. भाची आतल्या खोलीत होती. तिचे डोळे सुजलेले दिसले, म्हणजे सांगून झालं होतं. ताईचं सुरूच होतं, ‘ऐकलंस का, राणीसाहेब नर्सिंग सोडताहेत. बाप तसाच आणि मुलगी...’

‘ताई, इस्त्री बंद कर,’ मी म्हणालो.

‘का? काय झालं?’

‘बंद कर आधी. आणि बस.’

मी उभ्यानेच सांगितलं. चावी कशी केली, कधीपासून वापरत होतो, निळा शर्ट, स्विच, पिशवी. कुठेही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो. ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होतो, पण तिथे काहीच येत नव्हतं.

मग तिने विचारलं, ‘म्हणजे कुलूप लावलं होतं त्यांनी?’

‘हो.’

‘नक्की?’

‘माझ्यासमोर लावलं. दोनदा ओढून बघितलं.’

ती उठली आणि आतल्या खोलीच्या दारात गेली. ‘बाहेर ये. मामा काय म्हणतोय ते ऐक.’ भाची आली. ताई माझ्याकडे वळली. ‘सांग. तिला सांग.’

मी परत सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं, कारण भाची ऐकता ऐकता स्वतःच्या हातांकडे बघत होती. पालथे केले, उताणे केले. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. ‘बाबांनी लावलं होतं,’ एवढंच म्हणत होती. परीक्षेचा निकाल वाचावा तसं, परत परत.

ताईने मला एक थोबाडीत मारली. मग दुसरी. लहानपणी मारायची तशी, उलट्या हाताने. ‘देवमाणूस म्हणत होते तुला मी!’ ती ओरडली. ‘सात वर्षं त्या माणसाला शिव्या देत होते, आणि तू इथे बसून चहा पीत होतास!’

‘हो,’ मी म्हणालो.

‘कंपनीत सांगणार आहेस?’

‘उद्या सकाळी. कागद लिहिलाय. पुढे पोलीस, चौकशी, काय व्हायचं ते होऊ दे.’

‘चालता हो.’

मी दाराकडे वळलो. चप्पल पायात घातली. आणि मला जे वाटलं ते लाज सोडून सांगतो, मला हलकं वाटलं. बहीण गेली, नोकरी गेल्यात जमा, गालावर बोटं उमटलेली, आणि छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसा मी श्वास घेत होतो. याला आनंद म्हणायचं असेल तर मला आनंद झाला होता.

‘थांब,’ ताई मागून म्हणाली.

तिचा आवाज बदलला होता. मी वळलो नाही.

‘त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी आदल्या दिवशी केस कापून आले होते. अगदी मानेपर्यंत. मोठ्या हौसेने. आणि हे काय म्हणाले, तर शेजारच्या काकांसारखी दिसतेस.’ ती थांबली. ‘मी म्हणाले, आज मला तोंड दाखवू नका.’

मला आठवलं, हॉस्पिटलमध्ये भावोजींचा चेहरा तिला बघू दिला नव्हता.

‘कोणालाच बोलले नाही मी हे. मला वाटायचं, माझं बोलणं डोक्यात घेऊन गेले, म्हणून कुलूप विसरले. त्यांना शिव्या दिल्या की तेवढं बरं वाटायचं.’ तिने विचारलं, ‘फार रागावलेले होते का रे?’

मी वळलो. सात वर्षं मी त्या दिवसातला दुपारचा एकच वाजवत बसलो होतो. त्याच दिवसाला सकाळही होती, हे मी विसरूनच गेलो होतो. आता तिने विचारलं आणि ती सकाळ अख्खी समोर आली.

‘रागावलेले? हसत होते, ताई. पहिल्या मजल्यापासून हसत होते. म्हणाले, तुझ्या ताईने केस कापलेत, इतकी देखणी दिसतेय की मला काही सुचेनाच, आणि तोंडातून भलतंच निघालं. म्हणाले, आता संध्याकाळी काय बोलू ते सांग. मी म्हटलं, मला काय विचारता, तुमची बायको आहे. मग लिफ्टमधल्या आरशासमोर उभे राहून पाठ करत होते.’

‘काय पाठ करत होते?’

ती जवळ आली आणि माझा दंड धरला.

‘काय पाठ करत होते?’

‘‘काकांचं सोड, मी सकाळी घाबरलो. वाटलं, एवढी सुंदर बाई माझ्या घरात कशी!’ तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा हसू न येता जमलं, तर मला म्हणाले, बघ, जमलं.’

ताईचा हात तिच्या वेणीवर गेला. आता केस कमरेपर्यंत आले होते, तिने परत कधी कात्री लावली नव्हती. कुलपाचं ऐकताना ती रडली नव्हती. आता रडली.

‘हे माझं होतं,’ ती म्हणाली. ‘हे त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं. आणि तू सात वर्षं तुझ्याकडेच ठेवलंस?’

पहिल्यांदाच मी मान खाली घालून रडलो, स्वतःसाठी नाही.

तिने पदराने तोंड पुसलं. खुर्ची पुढे ओढली, माझ्यासमोर आणून ठेवली.

‘तुला माफ नाही केलं मी,’ ती म्हणाली. ‘करीन असंही समजू नकोस. पण चपला काढ. सकाळी भेटलात तिथपासून सांग. एकही शब्द गाळू नकोस.’